तेरा विजय आणि तेरा पंच

फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने २०२३ च्या मोसमात तेरा सामने खेळले आणि तेराही जिंकले. तेरावा सामना २ डिसेंबरच्या रात्री झाला. तो जिंकून या संघाने अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सचं, म्हणजे एसीसीचं, अजिंक्यपद मिळवलं. दुसऱ्या दिवशी टेक्सासमधल्या ग्रेपव्हाइनच्या एका मोठ्या हॉटेलात जमलेल्या तेरा जणांच्या निवड समितीने राष्ट्रीय अजिंक्यपदासाठी खेळणारे चार संघ जाहीर केले. मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सास, अलाबामा. यातले शेवटचे दोघे मोसमात एकेक सामना हरलेले होते. एकही न हरलेला फ्लोरिडा स्टेट पाचवा ठरला. पाचव्याला काही मिळत नव्हतं.

समितीच्या अध्यक्षांनी दिलेलं कारण सरळ होतं. या संघाचा मुख्य खेळाडू, क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस, दोन आठवड्यांपूर्वी पाय मोडून बाहेर गेला होता. त्याच्याशिवायचा फ्लोरिडा स्टेट हा वेगळा संघ आहे, असं समितीचं मत पडलं.

या निर्णयावर अमेरिकेत जेवढा धुरळा उडाला तेवढा मोठमोठ्या घोटाळ्यांवर उडत नाही. एका सिनेटरने समितीला पत्र लिहिलं, फ्लोरिडा राज्याच्या ॲटर्नी जनरलने चौकशी लावली, आणि गव्हर्नर रॉन डीसँटिस यांनी कोर्टकचेरीसाठी अंदाजपत्रकात दहा लाख डॉलर ठेवण्याचा प्रस्ताव मांडला. हा सगळा तमाशा बाजूला ठेवला तरी मूळ प्रश्न उरतोच. स्पर्धेतली जागा कशाची द्यायची? जे झालं त्याची, की जे होईल असं जाणकारांना वाटतं त्याची? माझं मत पहिल्या बाजूने आहे, आणि ते मी लपवणार नाही. पण दुसरी बाजू मूर्खांची आहे असं मात्र समजू नये. तिच्यामागे या खेळाचा सगळा इतिहास उभा आहे.

अमेरिकेतलं कॉलेज फुटबॉल हा खेळ जितका लोकप्रिय तितकाच त्याचा कारभार विचित्र आहे. वरच्या श्रेणीत त्या वर्षी १३३ विद्यापीठं होती. प्रत्येक संघ डिसेंबरपर्यंत साधारण बारा सामने खेळतो, तेही मुख्यतः आपापल्या कॉन्फरन्समधल्या आठ-नऊ शेजाऱ्यांशी. कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांचे एकत्र येऊन टीव्हीचे करार करणारे गट. खेळ अंगावर येणारा असल्याने आठवड्याला एकापेक्षा जास्त सामना शक्य नाही. त्यामुळे १३३ संघांना एका तक्त्यात बसवून गुणांवर पहिला कोण हे ठरवता येत नाही. म्हणून इथे फार जुन्या काळापासून मतदान चालत आलं आहे. १९३६ पासून असोसिएटेड प्रेसचे पत्रकार आपली क्रमवारी देतात, १९५० पासून प्रशिक्षकांची वेगळी क्रमवारी निघते. दोन्ही याद्यांत पहिला संघ वेगळा आला की त्या वर्षी दोन विजेते. १९९७ मध्ये मिशिगन आणि नेब्रास्का या दोघांनीही राष्ट्रीय अजिंक्यपद घरी नेलं, आणि दोघांचीही मंडळी आजतागायत खूष आहेत. १९९८ पासून मतांबरोबर संगणकाचीही गणितं आली आणि वरच्या दोन संघांची अंतिम लढत होऊ लागली. २००४ मध्ये ऑबर्न एकही सामना न हरता तिसरा राहिला. मग २०१४ पासून चार संघांचा प्लेऑफ आणि निवड समिती. दर वेळी यंत्र बदललं, पण कुणीतरी बाहेर बसून ठरवणार ही गोष्ट बदलली नाही.

आता समितीचं म्हणणं ऐकू. फक्त हार-जीत मोजायची तर समितीची गरजच काय, एक कारकून पुरे. सगळ्यांचे प्रतिस्पर्धी सारखे नसतात, म्हणून विजयाचं वजन करावं लागतं, आणि वजन करायचं म्हणजे डोकं वापरायचं. अलाबामाने त्याच २ डिसेंबरला जॉर्जियाला २७-२४ असं हरवलं. जॉर्जिया लागोपाठ दोन वर्षांचा विजेता होता आणि सलग २९ सामने जिंकून आला होता. टेक्सासने तर सप्टेंबरमध्ये अलाबामाच्याच मैदानात जाऊन अलाबामाला ३४-२४ हरवलं होतं. अलाबामाला घ्यायचं तर टेक्सासला त्याच्या वर ठेवणं भाग, आणि दोघांना घेतलं की जागा संपल्या. समितीच्या नियमपुस्तिकेत हेही लिहिलेलं आहे की महत्त्वाचे खेळाडू किंवा प्रशिक्षक उपलब्ध नसण्याचा संघाच्या पुढच्या कामगिरीवर होणारा परिणाम विचारात घ्यावा. म्हणजे तेरा जणांनी नियम मोडला असं म्हणता येत नाही. त्यांनी नियम पाळला. माझी तक्रार त्या नियमाशीच आहे.

तो पाय मोडला ती संध्याकाळ पाहू. १८ नोव्हेंबर, टॅलाहासी, मोसमातला घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना. घोड्यावरून येऊन जळता भाला मैदानात रोवणारा स्वार, सत्तर-ऐंशी हजार लोकांचा एका सुरातला घोष, सगळं नेहमीप्रमाणे झालेलं. समोर नॉर्थ अलाबामा, खालच्या श्रेणीतलं छोटं विद्यापीठ. अशा पाहुण्याला चांगले पैसे देऊन बोलवायचं आणि मोठ्या फरकाने हरवायचं ही रीत आहे. पहिल्याच सत्रात ट्रॅव्हिस चेंडू घेऊन स्वतः पळाला, मागून एकाने त्याला खाली ओढलं आणि त्याचा डावा पाय अंगाखाली नको तसा दुमडला. स्टेडियम गप्प झालं. त्या क्षणी यजमान मागे होते, १३-० पर्यंत मागे पडले. मग त्यांनी ५८ गुण सलग केले आणि सामना ५८-१३ असा संपवला. बदली क्वार्टरबॅक टेट रोडमेकर होता.

पुढच्या शनिवारी गेन्सव्हिलला, कट्टर वैरी फ्लोरिडा विद्यापीठाच्या मैदानात, रोडमेकरसह २४-१५ असा विजय. त्यात रोडमेकरच्या डोक्याला मार बसला. मग एसीसीच्या अंतिम सामन्यात लुईव्हिलविरुद्ध तिसरा, पहिल्या वर्षाचा मुलगा ब्रॉक ग्लेन खेळला. त्याने अख्ख्या सामन्यात चेंडू फेकून जेमतेम ५५ यार्ड मिळवले. तेवढे तर चांगला क्वार्टरबॅक एका चढाईतच मिळवतो. तरीही निकाल १६-६, कारण बचावाने लुईव्हिलला उठूच दिलं नाही. त्यांच्या क्वार्टरबॅकला पुनःपुन्हा जमिनीवर आडवं केलं. जेरेड व्हर्स आणि ब्रेडन फिस्क हे बचावातले दोघे पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिस रॅम्सने व्यावसायिक लीगमध्ये उचलले. दिसायला कुरूप सामना होता, हे मान्य. टीव्हीसमोर बसलेल्या ज्याला चेंडू हवेत उडालेला पाहायचा होता त्याला त्या रात्री झोप लागली असेल. पण ज्याला मोडक्या हत्यारांनी सामना कसा जिंकतात ते पाहायचं होतं, त्याच्यासाठी ती मेजवानी होती.

आणि इथे समितीची गाडी रुळावरून घसरते. ट्रॅव्हिस जखमी झाल्यानंतर समितीने दोनदा साप्ताहिक क्रमवारी दिली होती. २८ नोव्हेंबरच्या यादीत फ्लोरिडा स्टेट चौथा होता, टेक्सास सातवा, अलाबामा आठवा. ट्रॅव्हिस मोसमात परतणार नाही हे तेव्हा शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. म्हणजे दुखापत धरून जो संघ चौथा, तो आणखी एक सामना आणि कॉन्फरन्सचं विजेतेपद जिंकल्यावर पाचवा. जिंकल्याबद्दल शिक्षा, असं त्यांचे पाठीराखे म्हणत होते. ते अगदीच खोटं नव्हतं. लुईव्हिलविरुद्ध कसं जिंकले, हे समितीने जिंकले या गोष्टीहून मोठं धरलं.

अंदाजावर एवढा भरवसा ठेवायचा तर तो अंदाज करणाऱ्यांचा हिशेबही तपासावा. याच समितीचं पहिलं वर्ष, २०१४. ओहायो स्टेटचा दुसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक जे. टी. बॅरेट मोसमाच्या शेवटी घोटा मोडून बाहेर गेला. पहिल्या क्रमांकाचा तर मोसम सुरू व्हायच्या आधीच जखमी होता. कॉन्फरन्सचा अंतिम सामना तिसरा क्वार्टरबॅक कार्डेल जोन्स खेळला. विस्कॉन्सिनला त्यांनी ५९-० असं धुतलं आणि समितीने ओहायो स्टेटला उचलून चौथ्या जागेवर बसवलं. त्यासाठी तिसऱ्या जागेवरच्या टीसीयूला, त्याच दिवशी ५५-३ असा जिंकलेला असताना, सहाव्यावर ढकललं. पुढे जोन्सने अलाबामाला ४२-३५ आणि ओरेगॉनला ४२-२० हरवून राष्ट्रीय अजिंक्यपद आणलं. समितीचे लोक हे उदाहरण आपल्या बाजूने देतात: बघा, त्या तिसऱ्या खेळाडूत दम दिसला, ग्लेनमध्ये दिसला नाही. मला त्यातून उलटंच दिसतं. नोव्हेंबरात कुणी विचारलं असतं तर जोन्सवर एक डॉलरही कुणी लावला नसता. बदली खेळाडू महिनाभर सरावानंतर काय करेल हे आधी कळत नाही, म्हणूनच तर सामना खेळवतात. कुस्तीत समोरच्याची पाठ टेकली की विषय संपतो. पुढची कुस्ती याला झेपेल की नाही, याचा विचार करून कुणी गदा दुसऱ्याच्या हातात देत नाही.

आता ६३-३ बद्दल. प्लेऑफ हुकल्यावर फ्लोरिडा स्टेटला ३० डिसेंबरला मायामीत ऑरेंज बोल हा मोसमानंतरचा निमंत्रणाचा सामना मिळाला, समोर जॉर्जिया. निकाल ६३-३. या धर्तीच्या सामन्यांच्या इतिहासातला सर्वांत मोठा फरक. लगेच समितीचे कैवारी पुढे सरसावले: पाहिलंत, हा संघ त्या चारांत शोभला असता का? हा युक्तिवाद इतक्या वेळा आणि इतक्या शहाण्या माणसांच्या तोंडून ऐकू येतो की त्यातली गफलत सांगितलीच पाहिजे. त्या रात्री मैदानात उतरलेला संघ तेरा सामने जिंकलेला संघ नव्हताच. दोन डझनांहून जास्त खेळाडू गैरहजर होते. काही जखमी, काही दुसऱ्या विद्यापीठात जायला निघालेले, आणि व्यावसायिक लीगच्या उंबरठ्यावर उभे असलेले बहुतेक सगळे बिनकामाच्या सामन्यात गुडघा फुटायला नको म्हणून बाजूला झालेले. प्लेऑफचा सामना असता तर यातले बहुसंख्य खेळले असते. म्हणजे संघ दुबळा म्हणून त्याला डावललं, आणि डावलल्यामुळे तो दुबळा झाला. हा अंदाज स्वतःच स्वतःला खरा करून घेतो, आणि मग स्वतःच्या पाठीवर थाप मारतो. तिकडे अलाबामा पहिल्याच फेरीत मिशिगनकडून जादा वेळेत २७-२० हरला. चांगलं खेळून हरला, हे कबूल. पण त्याने काही सिद्ध होत नाही. न झालेल्या सामन्याशी झालेल्या सामन्याची तुलना कशी करायची?

खेळाडू सोडून गेले याबद्दल काहींनी त्यांनाही बोल लावला. मला ते पटत नाही. हा संघ बांधला कसा होता ते पाहावं. ट्रॅव्हिस लुईव्हिलहून आलेला. कीऑन कोलमन मिशिगन स्टेटहून, ट्रे बेन्सन ओरेगॉनहून, जॉनी विल्सन ॲरिझोना स्टेटहून, व्हर्स ऑल्बनीसारख्या लहान ठिकाणाहून, फिस्क वेस्टर्न मिशिगनहून. विद्यार्थी-खेळाडूंना एका विद्यापीठातून दुसरीकडे जाण्याची मोकळीक मिळाली, २०२१ पासून आपल्या नावावर जाहिरातींचे पैसे घेण्याचीही मुभा मिळाली, आणि प्रशिक्षक माइक नॉरव्हेल यांनी या बाजाराचा इतरांहून हुशारीने उपयोग केला. चार-पाच वर्षं एकत्र वाढलेल्या पोरांचा हा संघ नव्हता. एका मोसमासाठी, एका उद्देशाने जमलेली ती मंडळी होती. उद्देश काढून घेतल्यावर मंडळी पांगली. त्यांना निष्ठेचे धडे देणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की जानेवारीत अलाबामाच्या प्रशिक्षकाची जागा रिकामी झाल्यावर नॉरव्हेल यांचं नाव तिथे चर्चेत आलं, आणि त्यांना थांबवण्यासाठी फ्लोरिडा स्टेटने वर्षाला एक कोटी डॉलरच्या आसपासचा नवा करार केला.

इथपर्यंत मी फ्लोरिडा स्टेटचा वकील झालो आहे. आता त्याच अशिलाची उलटतपासणी. २०२३ मध्ये तेरा-शून्य असा आणखी एक संघ होता: व्हर्जिनियातलं लिबर्टी विद्यापीठ, कॉन्फरन्स यूएसएचा विजेता. समितीने त्याला तेविसावा ठेवला. टॅलाहासीत संतापाने टीव्ही फोडायला निघालेल्या एकाही माणसाने लिबर्टीसाठी चकार शब्द काढला नाही. झालेला निकाल पवित्र असेल तर लिबर्टीचा का नाही? उत्तर सगळ्यांना माहीत आहे: लिबर्टीचे प्रतिस्पर्धी कच्चे होते. म्हणजे वजन करायला फ्लोरिडा स्टेटचीही हरकत नव्हती, तराजू आपल्यापाशी येईपर्यंत. (लिबर्टी पुढे ओरेगॉनकडून ४५-६ हरला. हा आकडाही लोकांनी पुरावा म्हणून वापरला. यावेळी मला त्यात गफलत सापडत नाही, हे माझ्या युक्तिवादाला अडचणीचं आहे.) २०१७ मध्ये सेंट्रल फ्लोरिडा हा देशातला एकमेव अपराजित संघ होता, समितीने बारावा ठेवलेला. त्याने ऑबर्नला ३४-२७ असं हरवलं, आणि त्या ऑबर्नने मोसमात त्या वर्षीच्या दोन्ही अंतिम स्पर्धकांना, अलाबामाला आणि जॉर्जियाला, हरवलेलं होतं. सेंट्रल फ्लोरिडाने मग स्वतःच स्वतःला राष्ट्रीय विजेता घोषित केलं आणि डिस्ने वर्ल्डमध्ये मिरवणूक काढली. तेव्हा देश हसला. राज्य तेच, गाऱ्हाणं तेच, पण गव्हर्नर, सिनेटर, ॲटर्नी जनरल यांच्यातलं कुणी कोर्टाची भाषा बोललं नाही.

म्हणून मी माझा मुद्दा थोडा आवरून मांडतो. वेगवेगळ्या कॉन्फरन्समधले विजय सारखे नसतात आणि त्यांची प्रतवारी करावी लागते, हे खरं. पण ती प्रतवारी झालेल्या सामन्यांची असावी: कुणाला हरवलं, कुठे हरवलं, किती फरकाने. फ्लोरिडा स्टेटने सप्टेंबरात एलएसयूला ४५-२४ हरवलं होतं आणि क्लेमसनला त्याच्या घरात जादा वेळेत ३१-२४. या जमेवर तो चौथ्या जागेला पात्र होता की नाही, यावर वाद घालता येईल, आणि कदाचित तिथेही अलाबामा जिंकला असता. ते मी मान खाली घालून ऐकलं असतं. पण मोडलेल्या पायावरून पुढचा सामना कसा होईल याची कुंडली मांडणं हे दुसरंच काम झालं. पहिल्यात चूक झाली तर ती दाखवता येते. दुसऱ्यात चूक झाली की नाही हे कधीच कळत नाही, कारण तो सामना होतच नाही.

आणि कुंडली मांडणारा कुणाकडे बघून मांडतो? ईएसपीएन ही वाहिनी प्लेऑफ दाखवते, अलाबामाच्या कॉन्फरन्सचे सामनेही तीच दाखवते. यावरून कटकारस्थानाच्या गोष्टी रंगल्या. मला त्या खऱ्या वाटत नाहीत. फ्लोरिडा स्टेटच्या कॉन्फरन्सचे सामनेही ईएसपीएनच दाखवते, आणि समितीचे अध्यक्ष बू कॉरिगन हे स्वतः एसीसीतल्याच नॉर्थ कॅरोलायना स्टेटचे क्रीडासंचालक होते. कटाची गरजच नसते. कोणता सामना बघायला बरा वाटेल, हा प्रश्न त्या खोलीत कुणी मोठ्याने विचारला नसेलही. पण चांगला संघ कोणता हे नजरेने ठरवायचं म्हटलं की बघणाऱ्याची आवड त्यात उतरतेच. १६-६ असा जिंकलेला संघ नजरेत भरत नाही.

पुढच्याच वर्षी प्लेऑफ चारवरून बारा संघांचा झाला. तो बदल आधीच ठरलेला होता, फ्लोरिडा स्टेटला एका वर्षाने चुकला. आता पाच कॉन्फरन्स विजेत्यांना जागा राखीव असते, म्हणजे निदान तेवढा भाग मैदानात ठरतो. उरलेल्या जागांवरून भांडणं तशीच आहेत. २०२४ मध्ये एसएमयू आत आणि तीन सामने हरलेला अलाबामा बाहेर, म्हणून वर्षभरापूर्वी समितीची बाजू घेणारेच तिच्यावर तुटून पडले. एसएमयू पेन स्टेटकडून ३८-१० हरला तेव्हा ‘शोभला का?’ हा प्रश्न पुन्हा निघाला. शोभण्याची ही भाषा कधी जाणार कोण जाणे.

फ्लोरिडा स्टेटने मात्र आपला राग कुठे नेला ते पाहण्यासारखं आहे. डावललं गेल्यानंतर तीन आठवडेही झाले नव्हते, तोच विद्यापीठ स्वतःच्याच कॉन्फरन्सविरुद्ध कोर्टात उभं राहिलं. एसीसीत राहून आपल्याला पैसाही कमी मिळतो आणि मानही, असं त्यांचं म्हणणं. बाहेर पडण्याचा खर्च त्यांनी ५७ कोटी डॉलरच्या पुढे मांडला. खरं तर ही तयारी जुनी होती. मोसम सुरू व्हायच्या आधी, ऑगस्टमध्येच, विद्यापीठाचे अध्यक्ष रिचर्ड मॅकलॉ यांनी वाटणी बदलली नाही तर आम्हाला जाण्याचा विचार करावा लागेल असं विश्वस्तांच्या बैठकीत सांगितलं होतं. ट्रॅव्हिसच्या पायाने त्या दाव्याला फक्त एक करुण पान जोडलं. ट्रॅव्हिस स्वतः त्या दुखापतीतून पुरता सावरला नाही. न्यूयॉर्क जेट्सने त्याला घेतलं, पण एकही सामना न खेळता २०२५ च्या एप्रिलमध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. फ्लोरिडा स्टेट २०२४ मध्ये बारापैकी दहा सामने हरला.

मार्च २०२५ मध्ये खटल्यात तडजोड झाली. बाहेर पडण्याची किंमत वर्षागणिक उतरत जाणार, आणि कॉन्फरन्सच्या टीव्ही उत्पन्नाचा मोठा हिस्सा यापुढे कुणाचे सामने किती लोकांनी पाहिले यावर वाटला जाणार. फ्लोरिडा स्टेटने हे मागून घेतलं, कारण हरत असतानाही त्यांचे सामने लोक पाहतात. निकालाला किंमत उरली नाही म्हणून रडणाऱ्या विद्यापीठाने आपल्या वाट्यासाठी जे माप निवडलं, त्यात निकाल मोजलाच जात नाही.